टॉप २ टक्के शास्त्रज्ञ, पण शोध काय लावला?

दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सोलापूरच्या पेपरांत एक बातमी ठरलेली असते. 'अमुक प्राध्यापक जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत.' शाल, श्रीफळ, संस्थाचालकांच्या हस्ते पुष्पगुच्छ. एखाद्या चौकात फ्लेक्सही लागतो. बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली तरी एक गोष्ट काही कळत नाही: या माणसानं शोधलं काय?

अन्नशास्त्राच्या बाबतीत हे जास्तच खटकतं. खगोलशास्त्रज्ञानं काय शोधलं ते आपल्याला नाही समजलं तर समजू शकतो. पण अन्नशास्त्राचा विषय आपल्याच ताटातला आहे. सोलापुरात तर कडक भाकरी, शेंगा चटणी, ज्वारी आणि डाळिंब या चार गोष्टींवर अख्खं अन्नशास्त्र शिकवता येईल. म्हणून अशा शास्त्रज्ञाचं काम कसं उभं राहतं, त्याचा प्रभाव कसा मोजतात आणि मोजमाप कुठं फसतं, हे याच चार गोष्टींच्या आधारानं पाहू.

कडक भाकरी टिकते, चटणी खवट होते

कडक भाकरी महिनोन्‌महिने टिकते. तिच्या शेजारची शेंगा चटणी मात्र त्याआधीच खवट लागायला लागते. भाकरीत पाणी नाही म्हणून ती टिकते हे कुणीही सांगेल. पण मग चटणीत तरी पाणी कुठं असतं?

या प्रश्नाचं उत्तर अन्नशास्त्राला टप्प्याटप्प्यानं सापडलं. पहिली गोष्ट अशी, की पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातलं किती पाणी मोकळं आहे याला महत्त्व असतं. मधात सतरा-अठरा टक्के पाणी असूनही मध नासत नाही, कारण ते पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं, जंतूंच्या हाती लागत नाही. या मोकळेपणाच्या मापाला वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाण्याची ती १ असते आणि पूर्ण कोरड्या वस्तूची शून्य. ऑस्ट्रेलियाचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विल्यम जेम्स स्कॉट यांनी १९५३ मध्ये दाखवलं की जंतूंची वाढ पाण्याच्या टक्क्यांवर नव्हे, तर या मापावर ठरते. साधारण ०.८५ च्या खाली अन्नातून विषबाधा करणारे जंतू वाढू शकत नाहीत आणि ०.६ च्या खाली बुरशीसुद्धा हात टेकते. मऊ भाकरी डब्यात राहिली की दोन-तीन दिवसांत तिच्यावर बुरशी धरते. तीच भाकरी मंद आचेवर वाळवून कडकडीत केली की या रेषेच्या बरीच खाली जाते. प्रिझर्व्हेटिव्ह वगैरे काही लागत नाही.

चटणीचं गणित वेगळं आहे. भाजलेले दाणे लसूण-तिखट घालून उखळात कुटले की तेल सुटतं, आणि चटणीची सगळी गंमत त्या सुटलेल्या तेलातच आहे. तिला जंतूंचं फारसं भय नाही. तिचा वैरी हवेतला ऑक्सिजन. तेलाचं ऑक्सिडेशन झालं की खवट वास येतो. इथं दुसरा टप्पा येतो तो अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मार्कस कॅरेल आणि त्यांचे विद्यार्थी थिओडोर लाबुझा यांच्या कामाचा. लाबुझा १९६५ मध्ये तिथं पीएच.डी. झाले आणि १९७१ पासून मिनेसोटा विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या कामातून एक चमत्कारिक गोष्ट पुढं आली. पदार्थ जितका कोरडा तितकी बुरशी कमी, हे खरं. पण तेलाचं तसं नाही. फार ओलावा असेल तरी तेल लवकर बिघडतं आणि अगदीच कोरडं केलं तरी लवकर बिघडतं. मधला एक पट्टा असा आहे की जिथं पाण्याचा अगदी पातळ थर तेलाला राखतो. अति कोरडेपणात तो थरही जातो आणि ऑक्सिजनला रान मोकळं मिळतं.

थोडक्यात, एकाच ताटातल्या दोन पदार्थांची बिघडण्याची वाट निराळी आहे. एकाला ओल नको, दुसऱ्याला हवा नको. चटणी आणखी वाळवून टिकत नाही. ती पिशवीतली हवा काढून, घट्ट बंद करून, उजेडापासून लांब ठेवली तर टिकते. फार जुन्या कडक भाकरीला जो वास येतो तोही बुरशीचा नसतो. ज्वारीत तीनेक टक्के तेल असतंच, त्याचा तो असतो.

लाबुझांचा तो आलेख, आडव्या रेषेवर वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी आणि वर बुरशी, ऑक्सिडेशन, रंग बदलणं यांच्या वळणदार रेघा, आज अन्नतंत्रज्ञानाच्या जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवला जातो. बिस्किटापासून दूध पावडरीपर्यंत कुठल्याही कोरड्या पदार्थाची टिकण्याची मुदत ठरवताना हा विचार मागे असतोच. एक गंमत मात्र बघा. कल्पना इतकी रुजली की तिचा मूळ लेख अनेकदा सांगितलाच जात नाही. न्यूटनचे नियम वापरताना तरी न्यूटनचा हवाला कोण देतं? प्रभाव सगळ्यात मोठा होतो तेव्हा तो मोजणीतून निसटायला लागतो.

हवाल्यांची साखळी

मोजणी कशाची, तर सायटेशनची. नवा शोधनिबंध लिहिताना आधीच्या ज्या ज्या कामाचा आधार घेतला त्याचा उल्लेख करावा लागतो. असा प्रत्येक उल्लेख म्हणजे त्या आधीच्या कामाच्या खात्यावर एक सायटेशन. हे नुसतं ऐकून कोरडं वाटतं, म्हणून ज्वारीचं उदाहरण घेऊ.

ज्वारीत ग्लुटेन नसतं. म्हणून आपल्याकडं भाकरीचं पीठ उकळत्या पाण्यात मळतात. गरम पाण्यानं स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि भाकरी थापता येते. हे सगळं घरोघरी माहीत आहे. पण ज्वारीतल्या प्रोटीनचं काय? १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेरू देशातल्या लहान मुलांना शिजवलेली ज्वारी दिली, तर तिच्यातलं निम्म्याहून कमी प्रोटीन अंगी लागल्याचं दिसलं. गहू, तांदूळ, मका यांच्यापेक्षा हे बरंच कमी होतं. मग अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात प्रयोगशाळेत तपासलं, तर कच्च्या पिठातलं प्रोटीन पेप्सीन या पाचक रसाला बऱ्यापैकी पचत होतं आणि शिजवल्यावर त्याचं पचन घटत होतं. बाकीच्या धान्यांत शिजवल्यानं एवढी घट होत नाही. का? १९८७ मध्ये ब्रूस हॅमेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्वारीचं मुख्य प्रोटीन, काफिरिन, शिजताना गंधकाच्या बंधांनी एकमेकांना घट्ट बांधलं जातं आणि पाचक रसाला आत शिरता येत नाही. ते बंध तोडणारं रसायन घातलं की पचन सुधारतं. पुढं त्याच गटानं ज्वारीचं असं वाण शोधलं की ज्यात प्रोटीनच्या गोळ्यांचा आकारच वेगळा, घड्या पडलेला आहे आणि म्हणून ते चांगलं पचतं. २००० साली त्याचं कारण सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं गेलं.

१९८१ ते २००० म्हणजे दोन दशकं. दर टप्प्यावरचा निबंध आधीच्या निबंधाचा हवाला देतो, आधीच्याला थोडं दुरुस्त करतो आणि नवा प्रश्न टाकून जातो. संशोधकाची कारकीर्द म्हणतात ती ही. एका रात्रीत लागलेला शोध वगैरे प्रकार यात फार क्वचित असतो.

(हे वाचून कुणी भाकरी सोडू नका. आपण नुसती ज्वारी खात नाही. ज्वारीत कमी असलेलं लायसिन हे अमिनो आम्ल डाळीत आणि मटकीच्या उसळीत भरपूर असतं. भाकरीबरोबर कालवण लागतंच, ही सवय पोषणाच्या हिशेबानंही बरोबर बसते.)

आपल्याकडं या वाटेनं जायचं तर आधी पदवी, मग एम.टेक. किंवा एम.एस्सी., मग पीएच.डी. परभणीला १९७६ पासून अन्नतंत्रज्ञान महाविद्यालय आहे, म्हैसूरला १९५० पासून सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञानाची केंद्रीय संस्था आहे. पुढं विद्यापीठात किंवा कृषी संशोधन परिषदेत नोकरी मिळाली की निबंध लिहिणं, प्रकल्पांना पैसे मिळवणं आणि विद्यार्थी घडवणं ही तीन कामं आयुष्यभर चालू राहतात. बढतीच्या वेळी त्यातलं पहिलंच जास्त मोजलं जातं, कारण ते मोजायला सोपं.

एच-इंडेक्स: एक छोटा हिशेब

नुसती बेरीज करून माणसांची तुलना नीट होत नाही म्हणून २००५ मध्ये कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी एक युक्ती सुचवली. निबंध सायटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे. ज्या शेवटच्या निबंधाला निदान त्याच्या क्रमांकाइतकी सायटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा एका बाईंच्या सहा निबंधांना अनुक्रमे ४०, १८, ९, ५, ५, ३ सायटेशन आहेत. पाचव्या निबंधाला पाच आहेत, सहाव्याला सहा नाहीत. म्हणजे एच-इंडेक्स ५. दुसऱ्या एका गृहस्थांचे चार निबंध: ६००, ४, ३, २. बेरीज ६०९, पण एच-इंडेक्स फक्त ३. एखादाच निबंध गाजला तर हा आकडा हलत नाही. सातत्य असेल तर वाढतो. आणखी एक, तो कधी कमी होत नाही. माणूस निवृत्त होऊन घरी बसला तरी वाढूच शकतो.

यातला घोटाळा असा, की विषयागणिक सायटेशनचा पाऊस वेगळा पडतो. अन्नरसायनशास्त्रात निबंधांची गर्दी आहे, हवाले भराभर मिळतात. गणितात हवाल्यांसाठी बराच काळ वाट पाहावी लागते. म्हणून अन्नशास्त्रातल्या ३० ची गणितातल्या ३० शी तुलना करणं निरर्थक. तरुण संशोधकाची ज्येष्ठाशी तुलनाही तशीच. शिवाय स्वतः प्रयोग न करता इतरांच्या कामाचा आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू लेखांना मूळ प्रयोगांपेक्षा जास्त सायटेशन मिळतात. भराभर रिव्ह्यू लिहून आकडा फुगवता येतो आणि तसे फुगवणारे आहेतही. निबंधावर वीस नावं असतील तर त्यातलं कुणी काय केलं, हेही एच-इंडेक्स सांगत नाही.

आता ती टॉप २ टक्क्यांची यादी. ती स्टॅनफर्डचे जॉन आयोअनिडिस आणि सहकारी एल्सेव्हिअर कंपनीच्या स्कोपस या माहितीसाठ्यावरून तयार करतात. विज्ञानाचे २२ विभाग आणि १७४ उपविभाग धरलेले आहेत. शेतीच्या विभागात फूड सायन्स हा स्वतंत्र उपविभाग आहे. एकूण सायटेशन, एच-इंडेक्स, सहलेखकांची संख्या लक्षात घेऊन केलेला हिशेब, एकटा किंवा पहिला किंवा शेवटचा लेखक म्हणून मिळालेली सायटेशन, असे सहा आकडे एकत्र करून गुण काढतात. स्वतःच स्वतःला दिलेले हवाले धरून आणि वगळून, असे दोन्ही हिशेब असतात. विषयवार तुलना होते ही यादीची जमेची बाजू, आणि तिच्यात नाव येणं ही साधी गोष्ट नाही हेही खरं.

पण हा पुरस्कार नव्हे. कुणी समिती बसून निवड करत नाही, 'स्टॅनफर्डनं गौरवलं' असं काही घडत नाही. संगणकानं लावलेली क्रमवारी आहे ती. शिवाय याद्या दोन असतात, एक आयुष्यभराच्या कामाची आणि एक फक्त एका वर्षाच्या सायटेशनची. बातमीत कुठल्या यादीत नाव आलं ते क्वचितच लिहिलेलं असतं. माझ्या मते पत्रकारानं एवढा एक प्रश्न विचारला तरी अर्धे फ्लेक्स उतरतील.

डाळिंबाचा रस कुठवर गेला

सायटेशन भरपूर मिळाल्यावर पुढं काय होतं याचा उत्तम नमुना डाळिंबात आहे. २००० साली मारिया हिल, फ्रान्सिस्को तोमास-बार्बेरान आणि सहकाऱ्यांचा डाळिंबाच्या रसावरचा निबंध आला. बाजारी डाळिंब रसाची अँटिऑक्सिडंट, म्हणजे ऑक्सिडेशन रोखण्याची, क्षमता रेड वाइन आणि ग्रीन टीच्या तिप्पट असल्याचं त्यात होतं. या निबंधाला हजारो हवाले मिळाले, आणि 'तिप्पट' हा शब्द जगभर फिरला.

त्याच निबंधातली दुसरी गोष्ट मात्र फारशी फिरली नाही. नुसत्या दाण्यांच्या रसापेक्षा कारखान्यातल्या रसाची क्षमता जास्त निघाली. कारण कारखान्यात अख्खं फळ दाबतात आणि सालीतलं प्युनिकॅलाजिन हे टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, रसात उतरतं. म्हणजे सांगोल्याचं भगवा जातीचं डाळिंब घरी सोलून, दाणे काढून आपण जो रस करतो तो आणि तो निबंधातला बाजारी रस, एक नव्हेत. (म्हणून साल मिक्सरला लावू नका. तुरट होईल, दुसरं काही नाही.)

आणि परीक्षानळीतली क्षमता म्हणजे माणसाच्या शरीरातला फायदाही नव्हे. अमेरिकेच्या कृषी खात्यानं पदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा आपला तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला, कारण त्या आकड्यांचा आरोग्याशी संबंध सिद्ध होत नव्हता आणि जाहिरातवाले ते सर्रास वापरत होते. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं पॉम वंडरफुल या डाळिंब रसाच्या कंपनीवर आरोग्यविषयक दाव्यांसाठी २०१० मध्ये कारवाई केली. २०१५ मध्ये अपील न्यायालयानं ती बहुतांशी उचलून धरली. मूळ निबंध खोटा नव्हता. त्याच्यावर रचलेले इमले कच्चे होते.

कधी पायाच कच्चा निघतो. कॉर्नेल विद्यापीठाचे ब्रायन वॉन्सिंक माणूस किती आणि का खातो यावरच्या संशोधनामुळं जगप्रसिद्ध होते. सायटेशन हजारोंनी, टीव्हीवर मुलाखती. २०१८ मध्ये विद्यापीठाच्या चौकशीत आकडेवारीची गैरहाताळणी सिद्ध झाली, एकाच दिवशी त्यांचे सहा निबंध मागे घेतले गेले आणि त्यांनी राजीनामा दिला. मागे घेतलेल्या निबंधाचेही हवाले लोक वर्षानुवर्षं देत राहतात, हा आणखी एक ताप.

जे कुठल्याच खात्यावर जमा होत नाही

कमला सोहोनी यांचं नाव मराठी वाचकाला नवं नाही. दुर्गाबाई भागवतांच्या या भगिनी. बंगलोरला सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, तर कमलाबाई तिथंच ठाण मांडून बसल्या आणि प्रवेश मिळवलाच. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. बटाट्यावर काम करताना त्यांना वनस्पतींत सायटोक्रोम सी हे द्रव्य सापडलं. परत आल्यावर मात्र त्यांनी नीरा, कडधान्यं, तांदळाचं पीठ असे गरिबाच्या आहारातले विषय घेतले. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बायका यांच्यासाठी नीरेचा उपयोग त्यांनी तपासला आणि त्या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्या १९९८ मध्ये गेल्या आणि एच-इंडेक्स आला २००५ मध्ये. कुठल्याही फ्लेक्सवर त्या बसणार नाहीत.

आणि आपल्या सोलापूरच्या केगावात काय चाललंय? राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र तिथं २००५ पासून आहे. त्यांनी २०१७ मध्ये 'सोलापूर लाल' हा संकरित वाण दिला. नेहमीच्या वाणात १०० ग्रॅम दाण्यांमागं लोह २.७ ते ३.२ मिलिग्रॅम, तर यात ५.६ ते ६.१. क जीवनसत्त्व साडेचौदाच्या आसपास असायचं ते साडेएकोणीसच्या आसपास गेलं. फळातलं लोह सगळंच अंगी लागत नाही, टॅनिन त्याला अडवतं आणि क जीवनसत्त्व मदत करतं, म्हणून हे दोन्ही आकडे एकत्र वाचायला हवेत. असा वाण तयार करायला संकर, मग संकराचा संकर, आणि दरवेळी झाडाला फळ धरेपर्यंत थांबणं आलं. तेवढ्या काळात एखादा चलाख माणूस दहा-बारा रिव्ह्यू लेख लिहून मोकळा होईल आणि यादीत वरही जाईल.

सगळ्यात मजेदार गोष्ट मालदांडीची. १९३० च्या दशकात मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात मालदांडी या गावरान ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हा वाण काढला गेला. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीला आजही मालदांडीच पेरतात. भाकरी पांढरी आणि गोड होते, कडबाही जनावर आवडीनं खातं. शेतकऱ्याला हे दोन्ही लागतं, नुसता उतारा नाही. रब्बी ज्वारीचा कुणीही नवा वाण काढला की त्याची चाचणी एम ३५-१ च्या शेजारी पेरून करतात. नवा वाण किती सरस ते त्यावरूनच ठरवतात. त्यामुळं रब्बी ज्वारीवरच्या असंख्य निबंधांच्या तक्त्यांत तुलनेसाठी एम ३५-१ ची ओळ असते. ती ओळ सायटेशन म्हणून मोजली जात नाही. मोहोळला तेव्हा कणसं निवडणाऱ्या कुणाच्याही खात्यावर त्यातलं काही जमा झालेलं नाही, आणि स्कोपसमध्ये ते जमा करायला रकानाही नाही.